तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

नॉर्डल, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर

लव्हॉन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी टेबलावर टाकलं असशील, मग सावकाश कॉफी प्यायली असशील आणि मगच फोडलं असशील. मीही तेच केलं असतं. आपण एकाच आईच्या मुली.

आई गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत आपण एकमेकींना नाताळाची कार्डं तेवढी पाठवली, आणि छापील मजकुराखाली नुसती सही केली. वीज कंपनीसुद्धा मला याहून जास्त लिहिते. आज लिहायला बसले त्याचं कारण शेजारची म्युरियल. मागच्या हिवाळ्यात ती लेकीकडे तुमच्या मेसाला आली होती, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या सूपच्या जेवणाला तू तिला भेटलीस. हे तिने मला मे महिन्यात सांगितलं. तोवर पोटात ठेवलं होतं, बाईची कमाल आहे. आम्ही गोधडी शिवत बसलो होतो.

"लव्हॉन बरी दिसली," ती म्हणाली. "वाळलीय जरा."

"बरं."

"तुझा विषय निघाला."

"मी काही विचारलेलं नाही."

"नाहीच विचारलंस. मी सांगतेय. ती म्हणाली, आर्लिसने मला राहा म्हणून दोनदाच विचारलं."

त्यानंतरची पुरी ओळ मी वाकडी शिवली आणि संध्याकाळी बसून उसवली. मग उन्हाळाभर तुझ्यावर चिडले. दोनदाच विचारलं म्हणे. बाई, इथल्या रीती मलाही ठाऊक आहेत. कॉफी घेणार का म्हटलं की नको म्हणायचं. घे गं म्हटलं की त्रास कशाला म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की अर्धा कप चालेल म्हणायचं आणि तीन कप प्यायचे. पहिल्याच खेपेला हो म्हणतो तो हावरट, आणि तिसऱ्यांदा विचारत नाही त्याला मुळात द्यायचंच नसतं. हे आपण दोघी चालायच्या आधी शिकलो. पण त्या दिवशी काय झालं ते एकदा ऐकून तरी घे.

आईला पोचवून आल्यावर चर्चच्या तळघरात बायका हॅमचे बन वाढत होत्या, तेव्हा मी तुला पहिल्यांदा म्हटलं, इथेच का राहत नाहीस, घर मोठं आहे. तुझा नवरा, रॉजर, जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू म्हणालीस, नको गं, तुझी अडचण होईल. संध्याकाळी घरी मी बश्या धूत होते, तू पुसत होतीस, तेव्हा दुसऱ्यांदा विचारलं. तू म्हणालीस, माझ्या मुलाने, डेलने, राहायचा ट्रेलर तयार ठेवलाय मागच्या अंगणात, तू कशाला त्रास घेतेस. झालं, दोनदा 'नाही' म्हणून झालं. तिसरं विचारणं माझ्या ओठावर होतं. तेवढ्यात दाराशी ती चर्चची मोठी कॉफीची किटली दिसली. घरी माणसं येणार म्हणून आणलेली. ती धुऊन त्याच दिवशी परत करायची असते. आईच्याच अंत्यविधीची किटली उशिरा पोचती तर आई पेटीतून उठून बसली असती. मी ती पोचवून आले, तर तुझ्या खोलीतला दिवा मालवलेला. म्हटलं, सकाळी विचारू. सकाळी तू कोट घालून दारात, आणि तुला पोचवायला गावातल्या ड्वेनची गाडी बाहेर धूर सोडत उभी.

मला वाटलं, हिला इथून सुटायची घाई झालीय. तुला वाटलं, हिने विचारण्याचं कर्तव्य उरकलं. आणि दोघी मूग गिळून बसलो. म्युरियल म्हणते, "तीन दिवसांच्या मर्तिकाला कोण दोन मोठ्या बॅगा आणतं? तुला तेव्हाच कळायला हवं होतं." मला वाटलं होतं तुझा नेहमीचा नखरा. तू तर शाळेच्या सहलीलासुद्धा तीन टोप्या न्यायचीस.

तर आता पुन्हा पहिल्यापासून. जुनी दोन धरायची नाहीत, ती शिळी झाली. लव्हॉन, इथे राहायला येतेस का? घर मोठं आहे. वरची तुझी खोली रिकामीच आहे.

हे पहिलं.

बाकी गाव आहे तिथेच आहे, फक्त थोडं कमी. शाळा बंद झाली, मुलं आता बसने दूरच्या गावाला जातात. मी तीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे कुस्करले तिथे कुणीतरी बोटी ठेवल्यात. गाडी चालवणं मी सोडलं, डोळ्यांचं जरा निमित्त झालं. ड्वेन नेतो कुठे जायचं असलं तर. तो अजून समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो, आणि दिवसभरात चार गाड्या आल्या तर खूश असतो.

आर्लिस


नॉर्डल
९ नोव्हेंबर

लव्हॉन,

तुझं कार्ड आलं. समोर निवडुंगाचं चित्र, मागे दोन ओळी: "पत्र मिळालं. तुला उगाच त्रास कशाला. मी इथे ठीक आहे, हवा कोरडी असते."

मी ते घेऊन शेजारी म्युरियलकडे गेले. तिने चष्मा लावून वाचलं आणि माझा हात धरला.

"ती नाही म्हणालीय, आर्लिस."

"ते पहिलं 'नाही' आहे."

"तुला काय माहीत?"

"तुला कुणी कॉफी विचारली तर तू पहिल्यांदा काय म्हणतेस?"

तिने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही दोघी बहिणी म्हणजे एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

परवा चर्चच्या जेवणासाठी लेफ्से केल्या. आठवतं ना, बटाटे रात्री शिजवून पहाटे मळायचो, मी लाटायची आणि तू ती लांब चपटी काठी घेऊन तव्याशी उभी राहायचीस. काठी खालून सरकवून एका झटक्यात उलटायचीस, एक पोळी कधी फाटली नाही तुझ्या हातून. आई म्हणायची, लव्हॉनला दुसरं काही येत नाही, पण हे येतं. आता मी एकटी लाटते आणि एकटीच उलटते. लाटून तव्याशी पोचेपर्यंत आधीची करपलेली असते. आपले नवे पास्टर कॅलिफोर्नियाचे आहेत, त्यांना वाटतं लेफ्से अशीच काळी असते. फार चविष्ट म्हणाले बिचारे. म्युरियल मदतीला येते, पण तिचा हात उलटायचा नाही, ती पोळीची समजूत काढत बसते.

यंदा लाटणं जड लागलं. निम्म्यावर थांबून खुर्चीत बसले, आणि उरलेलं पीठ बायकांनी वाटून घेतलं. काही विशेष नाही. वय.

तर लव्हॉन, नाताळाच्या आत येतेस का? नाताळाच्या लेफ्से राहिल्यात. काठी दारामागे त्याच खिळ्याला आहे. तुझी अडचण होणार नाही. मला एकटीला या घरात कुणाचीच अडचण होत नाही, हीच मला अडचण आहे.

हे दुसरं.

आर्लिस


नॉर्डल
२ डिसेंबर

लव्हॉन,

हे पत्र मी पाठवणार नाही. तुला खोटं लिहून लिहून जीव आंबला म्हणून लिहितेय. लिहून झालं की पिठाच्या खणात ठेवीन.

मला डोळ्यांचं काही झालेलं नाही. सप्टेंबरात फार्गोच्या डॉक्टरने सांगितलं की स्वादुपिंडात कॅन्सर आहे आणि पसरलाय. डॉक्टर तरुण होता, त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. शेवटी मीच त्याला म्हटलं, असू द्या. किती दिवस विचारलं तर म्हणाला, बर्फ वितळताना बघाल कदाचित. ते 'कदाचित' तो इतकं हळू म्हणाला की मी पुन्हा विचारलं नाही.

गावात मी फक्त म्युरियलला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळलं. कुणी काही बोलत नाही. घरोघरून ओव्हनमधल्या खिम्या-बटाट्याच्या डिशा येतात. "जास्तीची झाली होती, टाकायची कशाला," म्हणतात. चर्चच्या आमच्या मंडळात माझ्याशिवाय सात बायका उरल्यात, आणि सातही जणींची एकाच आठवड्यात जास्तीची झाली. मला दोन घासांवर जात नाही. मी ते डबे भरून ड्वेनला देते. त्याचं वजन वाढलंय.

काल म्युरियलने विचारलं, "मी लव्हॉनला फोन करू का?"

"नको."

"तिला कळायला नको?"

"कळलं तर ती येईल."

"मग तेच तर हवंय ना तुला?"

"नाही. तसं नकोय." मग मी तिला समजावलं. मरणाऱ्या बाईला कोण नाही म्हणतं? आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक नसेल तर ते विचारणं नव्हे, ते गळ्यात दोरी घालून ओढणं झालं. लव्हॉन नर्स म्हणून येईल, माझं उरकेल आणि त्याच बॅगा उचलून परत डेलच्या मागच्या अंगणात जाईल. मला नर्स नकोय. नर्स दर गुरुवारी येते, चांगली आहे, नखं मात्र फार लांब ठेवते. मला माझ्या बहिणीला घर द्यायचंय. नऊ वर्षांपूर्वी द्यायचं होतं तेच. तिने ते तिच्या मनाने घ्यायला हवं.

"तू वेडी आहेस," म्युरियल म्हणाली.

"असेन."

"आणि तोवर तू..." एवढं बोलून ती उठली आणि स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागली.

लव्हॉन, मला भीती वाटते. मरायची वाटते तशी थोडी, पण जास्त टपालाची. तुझं पहिलं 'नाही' यायला महिना लागला. दुसरं अजून आलेलं नाही. तू दुसऱ्यांदा नाही म्हणणारच, म्हणायलाच हवं, नाहीतर आईचं नाव जाईल. पण लवकर म्हण गं. माझ्याकडे वेळ कमी आहे आणि तुझ्याकडे संकोच फार. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. आपल्या घरात तर ती कायम जेवायला असायची.

दुपारी तुझ्या खोलीत जायला निघाले होते. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले आणि तिथूनच परत आले. ड्वेनने माझी खाट खाली, आईच्या शिवणयंत्राच्या खोलीत आणून टाकलीय. खिडकीतून धान्याचं उंच कोठार दिसतं आणि त्याच्या टोकावरचा दिवा. लहानपणी तुला तो दिवा म्हणजे तारा वाटायचा. मी तुला खरं सांगून रडवलं होतं.

आर्लिस


नॉर्डल
४ जानेवारी

लव्हॉन,

तुझी पेटी पोचली. डेलच्या अंगणातल्या झाडाची ती मोठी आंबट संत्री, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वर चिठ्ठी: "नकोच गं. या वयात तुला कुणाची लुडबूड कशाला? फळं पाठवतेय, थंडीत बरी असतात. माझ्या खोलीतला हीटर अजून खडखड करतो का?"

मी चिठ्ठी म्युरियलला दाखवली. ती म्हणाली, "हे दुसरं 'नाही' आलं." मी म्हटलं, शेवटची ओळ वाच. तिने वाचली. मग आम्ही दोघी हसलो. बाई गं, ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस? ज्याला यायचं नाही तो हीटरची चौकशी करत नाही, आणि त्या खोलीला 'माझी' तर मुळीच म्हणत नाही.

तर ऐक. ड्वेनने काल हीटर उघडून साफ केला. आत एक उंदराचं घरटं आणि तुझी लाल रिबीन निघाली. उंदराने तुझ्या रिबिनीवर संसार केला. आता हीटर खडखड करत नाही, नुसता गुणगुणतो. पडदे धुतले, म्हणजे म्युरियलने धुतले. मी हल्ली खालीच झोपते, वर थंडी असते. त्यामुळे वरचा मजला सगळा तुझा. मी तुझ्यात लुडबूड करणार नाही, तू माझ्यात कर. सकाळी उठून मला सांग की कॉफी पातळ झालीय. मला कुणी तसं सांगत नाही. सगळे माझ्याशी फार गोड वागतात आणि मी कंटाळलेय.

लव्हॉन, मध्ये आता कुठली किटली नाही. मी खुर्चीत बसलेय, कुठेही जायचं नाही मला. येतेस का?

हे तिसरं.

तुझी
आर्लिस


नॉर्डल
१९ फेब्रुवारी

लव्हॉन,

ओळी वर चढल्यात त्याला हसू नकोस, मांडीवर पाट घेऊन लिहितेय.

तुझं पत्र आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की पोस्टमनलाही पाठ झालं असेल. "तुला खरंच त्रास होणार नसेल तर येईन म्हणते. ईस्टर झाल्यावर, रस्ते मोकळे झाले की. डेलने तिकीट काढलंय. तू खाली का झोपतेस?"

गुडघ्यांसाठी झोपते. जिने नको म्हणतात गुडघे.

ईस्टर यंदा एप्रिलच्या मध्याला आहे. ठीक आहे. घाई करू नकोस, रस्ते खरंच वाईट आहेत, परवा एक दुधाचा टँकर खंदकात गेला. तुझा मोठा कोट आण. तिथल्या उन्हात तुला थंडी विसरायला झाली असेल, पण इथे मे महिन्यापर्यंत ती कुणालाही विसरत नाही.

तू हो म्हणालीस. मी आज सकाळपासून एवढं एकच वाक्य मनात म्हणतेय. इतकं बरं मला कुठल्याच गोळीने वाटलेलं नाही. गुडघ्यांच्या गोळीने, म्हणजे.

आर्लिस


नॉर्डल
७ मार्च

लव्हॉन,

हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याखाली असेल. उद्या संध्याकाळी तू दारात येशील तेव्हा मी जागी असले तर म्युरियल हे तुझ्या नजरेला पडायच्या आत फाडून टाकील. तिला तसं बजावलंय, आणि ती शब्दाची पक्की आहे. तेव्हा तू हे वाचत असशील तर काय झालं ते तुला कळलंच. आधी बस. कोट नंतर काढ.

तुझं हो आलं त्या दिवशी म्युरियलने पत्र वाचून घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "ईस्टर एप्रिलच्या मध्याला आहे."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

"आता तरी फोन करू? आता तर ती हो म्हणालीय. तिच्या मनाने म्हणालीय. आता तुझी हरकत काय?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "नको, तिची सोय बघून येऊ दे तिला." मनात म्हटलं, आता हिने पुन्हा एकदा विचारलं की हो म्हणायचं. मी वाट बघत बसले. ती दुसऱ्या दिवशी आली, बश्या धुतल्या, बर्फाविषयी बोलली आणि गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. तिने विचारलं नाही. मी तिला दोनदा झिडकारलं म्हणून ती दुखावली होती आणि तिसरं विचारायची तिची छाती झाली नाही. आणि मी खाटेवर पडून छताकडे बघत तिची वाट बघत होते. एका सकाळी माझ्या ते लक्षात आलं आणि मी हसले. हसलं की दुखतं, तरी हसले. एकाहत्तर वर्षांची बाई, पुन्हा त्याच खड्ड्यात. त्या वेळी माझं विचारायचं राहिलं, या वेळी विचारून घ्यायचं राहिलं.

आज सकाळी नर्सने माझे पाय दाबून पाहिले आणि नंतर म्युरियलला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. म्युरियल आत आली तेव्हा तिच्या हातात कॉफीचा कप होता. मी म्हटलं, "म्युरियल, लव्हॉनला फोन कर. सगळं सांग. मला ती हवीय."

तिने कप ठेवला. "मी विचारणारच होते."

"माहीत आहे. पण आता वेळ नाही."

आयुष्यात मी कुणाकडे असं सरळ काही मागितलं नव्हतं, लव्हॉन. मला वाटलं होतं लाज वाटेल. नुसतं तोंड कोरडं पडलं.

फोन स्वयंपाकघरात. मला फक्त तिची बाजू ऐकू येत होती. "मी म्युरियल, नॉर्डलहून. नाही, आहे, ती आहे. पण बरी नाही. सप्टेंबरपासून. नाही, गुडघे नव्हेत." मग बराच वेळ काही नाही. मग, "अगं, तसं नाही, तिला तू तुझ्या मनाने यायला हवी होतीस." पुन्हा काही नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज.

ती आत येऊन खाटेच्या कडेला बसली. नाक लाल झालं होतं.

"काय म्हणाली?"

"तू येशील का म्हणून विचारायला मी तोंड उघडलं, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, येते. उद्याचं विमान बघते म्हणाली. ड्वेन जाईल फार्गोला आणायला."

"नको वगैरे काही म्हणाली नाही?"

"एकदाही नाही."

मग मी रडले. ते तुला सांगायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं. तू हो म्हणून लिहिलंस तेव्हा तुला माझं दुखणं ठाऊक नव्हतं. तू आर्लिसची सेवा करायला नव्हे, तुझ्या घरी राहायला हो म्हणाली होतीस. म्हणजे ते हो खरं आहे आणि माझ्या असण्यानसण्याने ते बदलत नाही. म्हणून मी एवढे महिने दात-ओठ आवळून गप्प राहिले. हे सगळं उरकल्यावर डेल म्हणेल, चल आई परत. तू जायचं नाहीस. तू राहा. पिठाच्या खणात तुला आणखी एक पत्र सापडेल, न पाठवलेलं. ते वाच आणि हवं तर माझ्यावर चीड. रागावलेली तू मला नेहमी बरी वाटायचीस.

जमीन अजून दगडासारखी गोठलीय, तेव्हा मला आईशेजारी जायला एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. म्हणजे तुझं ईस्टरनंतरचं तिकीट अगदीच चुकीचं नव्हतं. पण प्रार्थना आणि जेवण याच आठवड्यात होईल. तळघरात बायका तुला कामाला हात लावू देणार नाहीत. घरच्या माणसाने त्या दिवशी बशी धुवायची नसते, हे तुला ठाऊक आहे, तरी तू फडकं शोधशील. शोधू नकोस. बसून राहा. टेबलावर लेफ्से असतील, शीतपेटीत ठेवलेल्या, माझ्या नोव्हेंबरच्या. करपलेल्या आहेत. पुढच्या वर्षी म्युरियल लाटेल आणि तू उलट. तिला मी सांगून ठेवलंय, ती हो म्हणाली. तिसऱ्यांदा.

थोड्या वेळाने कुणीतरी किटली घेऊन तुझ्याजवळ येईल आणि विचारेल, कॉफी घेणार का. लव्हॉन, पहिल्यांदाच हो म्हण. फोनवर जमलं तुला, तिथेही जमेल.

आणि संध्याकाळी घरी माणसं बसली असतील, कुणाशी काही बोलायचं राहिलं असेल, तर उठू नकोस. किटली सकाळी परत केली तरी चालते. मी विचारून ठेवलंय.

आर्लिस